सहावा खण

मित्रांनो, जिन्याच्या मधल्या वळणावर, भिंतीला टेकून, टवके उडालेले एक पांढरे धूड उभे असते आणि येता-जाता सगळ्यांचे गुडघे त्याच्यावर आपटतात. लोक त्याला शिव्या घालतात आणि पुढे जातात. तेच मी. मी एक जुने, सहा खणांचे कपाट आहे. सध्या माझ्या डोक्यावर एक फुटकी कुंडी, सायकलचा पंप आणि कुणाचे तरी हेल्मेट आहे. पोटात चपला, पॉलिशच्या डब्या आणि गुंतलेल्या वायरी आहेत. हे सगळे वरच्या पाच खणांत. सहाव्या खणात कुणी काही ठेवत नाही, कारण तो उघडतच नाही अशी सगळ्यांची समजूत आहे.

त्या सहाव्या खणात एकेकाळी काय होते ते माझ्याशिवाय दोनच माणसांना माहीत होते. त्यांतले एक वारले आणि दुसरे दूर गेले. म्हणून मी बोलतो आहे. नाहीतर इतक्या वर्षांत मी कुणापुढे अवाक्षर काढलेले नाही.

मला एका टकल्या सुताराने घडवले. पेन्सिल कानावर खोचायची आणि मग तीच अर्धा तास शोधायची, ही त्याची खोड होती. पण हात सोन्याचा. माझ्या कोपऱ्यांत एकही खिळा नाही. लाकडाचे दात लाकडातच बसवलेले आहेत. सागवान असे की बोटांनी वाजवले तर टणटण आवाज यावा. एवढी बढाई ऐकून घ्या, कारण पुढे बढाई मारण्यासारखे फारसे काही नाही.

पाच खण झाले आणि सुताराचे वाळलेले लाकूड संपले. गिऱ्हाईक तर दारात बसून होते. ती एक म्हातारी बाई होती, बटणे आणि दोरे विकणारी. सगळे तिला बटणवाल्या मावशी म्हणत. शेवटी सुताराने एक ओलसर फळी उचलली आणि सहावा खण करून टाकला. पण माणूस प्रामाणिक होता. जाताना म्हणाला, "मावशी, खालचा खण पुढे त्रास देणार हं. दमट हवेत फुगून बसेल."

"बसू दे की," मावशी म्हणाल्या. "माझे गुडघेही तसेच बसतात. त्यांना काय मी फेकून दिलंय?"

आणि तसेच झाले. वर्षभरात खण असा घट्ट बसला की दोन माणसांनी ओढूनही हलेना. मावशींनी मात्र त्याचे मर्म शोधून काढले. माझ्या पाचव्या आणि सहाव्या खणाच्या मध्ये फळी नाही. पाचवा खण अर्धा बाहेर ओढायचा, त्याच्या खालून हात घालायचा, सहाव्याची वरची कड आतून दाबायची आणि हळूच पुढे घ्यायची. मग तो मुकाट्याने येतो. जोर केलात तर मात्र तो अजिबात येत नाही.

त्या खणात मावशी एकटी पडलेली बटणे ठेवत. जोडी हरवलेली, संचातून उरलेली, रंग न जुळणारी. कुणी जुना कोट घेऊन आले की त्या खाली बसत, हात घालत आणि नेमके तसलेच बटण काढून समोर ठेवत. गिऱ्हाईक तोंडात बोट घाली. मला त्या वेळी फार अभिमान वाटे. तीस वर्षे मी त्या दुकानात उभा होतो आणि माझ्यावर एकदाही धूळ बसू दिली गेली नाही.

मग मावशींची नजर गेली. त्या निळ्याला काळे म्हणू लागल्या. दुकान बंद झाले, मावशीही गेल्या आणि मी जुन्या सामानाच्या गोदामात, ताडपत्रीखाली, एका पाय मोडक्या पलंगाला टेकून किती वर्षे काढली ते मला सांगता येणार नाही. तिथे कुणी कौतुक करत नाही. तिथे कुणी काहीच करत नाही.

एके दिवशी ताडपत्री उचलली गेली आणि उजेडात एक जोडपे दिसले. ती सहा महिन्यांची गरोदर होती. तिने कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे असे पाहिले की जणू माझी मुलाखतच घेते आहे. "हेच," ती म्हणाली. "याला खण पुष्कळ आहेत. बाळाचं सगळं एकाच ठिकाणी राहील."

"पाचच उघडताहेत," तो सगळे ओढून बघत म्हणाला. "खालचा नुसता शोभेचा दिसतोय."

"पाच पुरे."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींत लिफ्ट बंद पडली की त्याला बोलावणे यायचे. आत माणसे अडकलेली असायची, घाबरलेली, रडकुंडीला आलेली. तो घरी येऊन सांगायचा, "मी आधी हत्यारं काढत नाही. आधी दाराला तोंड लावून बोलतो. म्हणतो, घाबरू नका, मी बाहेरच उभा आहे. निम्मं काम तिथंच होतं." हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. वाईट माणूस नव्हता तो. हे तुम्ही पुढेही लक्षात ठेवा.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दिवसभर काचेच्या नळ्या तिच्यासमोरून जात आणि ती प्रत्येकीवर लेबल लावी. लेबलावर तारीख, वेळ, आत काय आहे ते, आणि अगदी खाली 'पाहिले' असे लिहून एक कोरी रेघ. पुढच्या टेबलावरचा माणूस लेबल वाचणार, रेघेवर सही करणार आणि मगच नळी पुढे सरकणार, असा तिथला नियम होता. "बारा वर्षांत माझं एकही लेबल कुणी न वाचता पुढे गेलेलं नाही," असे ती म्हणे. तिचा त्या नियमावर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

घरी आणल्यावर त्याने मला पांढरा रंग फासला. सागवानाला पांढरा रंग! माझा जीव तीळ तीळ तुटला. पण तिने भिंतीजवळ मला उभे केले, शेजारी कठड्याचा छोटा पलंग लावला, खिडकीला पिवळा पडदा टांगला, मग दोन पावले मागे जाऊन डोळे मिटले आणि उघडले. तिच्या चेहऱ्यावर जे दिसले त्यानंतर मी रंगाबद्दलची तक्रार मागे घेतली.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. सुटीच्या दुपारी ती जमिनीवर बसायची आणि इवलेसे कपडे घडी करून खणांत लावायची. पहिल्या खणात लंगोट, दुसऱ्यात जन्मल्यापासून तीन महिन्यांपर्यंतची झबली, तिसऱ्यात पुढच्या तीन महिन्यांची, चौथ्यात टोपडी आणि मोजे, पाचव्यात चादरी. औषधे आणि थर्मामीटर माझ्या डोक्यावर एका डब्यात. प्रत्येक खणाला तिने बाहेरून लेबल लावले, आणि सवयीने खाली 'पाहिले' लिहून रेघ ओढली. नवऱ्याला हसू आवरेना. तो पेन घेऊन गुडघ्यांवर बसला आणि पाचही रेघांवर त्याने ऐटीत सह्या ठोकल्या. शेवटच्या सहीला तर मिश्याही काढल्या.

"पाहिलं, साहेब! अजून काही?"

"अजून काही निघालं तर लेबल लावीन," ती हसत म्हणाली. "तुमचं काम फक्त वाचायचं."

हे वाक्य मी विसरू शकत नाही.

मुलगी झाली. इवलीशी, लालबुंद, आवाज मात्र पोलिसी शिट्टीसारखा. घरात तिला पिटू म्हणू लागले. नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे ताई, चार घरे पलीकडे राहायची. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई, तिला स्वतःला मूल नव्हते. ती रोज दुपारी दोनच्या ठोक्याला यायची, बाळाला आंघोळ घालायची, आणि आईला सतरा सूचना देऊन जायची.

पाहुणे येऊ लागले. येणारा प्रत्येकजण बाळाला पाहायचा आणि मग खोली पाहायचा. "अगंबाई, किती नीटनेटकं! आमच्याकडे तर पहिले सहा महिने नुसता उकिरडा होता." "असं कपाट पाहिजे!" कुणीतरी माझा फोटोही काढला आणि नातेवाईकांत फिरवला. मित्रांनो, खरे सांगतो, मी फुगलो. बटणांच्या दुकानानंतर प्रथमच मला कुणी चांगले म्हणत होते. मी एवढा खूश होतो की माझ्यासमोर काय चालले आहे ते मला उशिरा दिसले.

दिसले ते असे. पिटूची आई एकटी असली की खणातले सगळे कपडे बाहेर काढायची आणि पुन्हा घड्या करायची. एकदा, दोनदा, चारदा. घड्या आधीच सरळ असायच्या. बाळ मागे रडत असायचे आणि ती मोज्यांच्या जोड्या लावत असायची. तिला ऐकू येत नव्हते असे नाही. बाळ रडले की तिचे खांदे कानांपर्यंत चढत. मग ती उठायची, बाळाला घ्यायची, अगदी बरोबर घ्यायची, मानेखाली हात देऊन, दूध वेळेवर, लंगोट वेळेवर. फक्त बाळाकडे बघायची नाही. भिंतीकडे बघायची.

ती बोलायचा प्रयत्न करत नव्हती असेही नाही. एका संध्याकाळी नवरा दमून आला होता. ती म्हणाली, "मला काहीतरी होतंय."

"झोप झालेली नाही तुझी," तो प्रेमाने म्हणाला. "मी घेतो पिटूला. तू पड जरा." आणि त्याने खरोखर पिटूला घेतले, खोलीभर फिरवले, आणि माझ्याकडे बोट दाखवत पिटूला म्हणाला, "बघ, तुझ्या आईनं काय राज्य मांडलंय! कशाचीही कमी आहे का?"

ती पडली. पण डोळे उघडे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लेबलांची गुंडाळी काढली. एका लेबलावर लिहिले, तारीख घातली, वेळ घातली, खाली 'पाहिले' आणि रेघ. आणि ते माझ्या डोक्यावर, तेलाच्या बाटलीशेजारी, कुणालाही दिसेल असे लावले. त्यावर लिहिले होते: 'बाळ रडले की मला पळून जावेसे वाटते.'

मग ती पलंगाच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि दाराकडे पाहू लागली. पुढच्या टेबलावरचा माणूस येण्याची ती वाट पाहत होती.

दोन वाजता ताई आली. तिने ते वाचले. एकदा वाचले, चष्मा सारखा करून पुन्हा वाचले.

"हे काय गं भलतंच? पाहुणे येतात, कुणी वाचलं तर काय म्हणतील?" तिने लेबल नखाने खरवडले आणि त्याची गोळी करून फेकली आणि पदराच्या टोकाला बोटे पुसली. "असं सगळ्यांनाच होतं. मनावर घ्यायचं नाही. हे असलं लिहायचं तर मुळीच नाही. चल, पाणी गरम कर."

ताईच्या मनात खोट नव्हती. तिने ती गोष्ट भावाला सांगितलीही नाही, उगाच घरात किंतु नको म्हणून. तिला वाटले आपण झाकून ठेवतो आहोत ते वहिनीच्याच भल्यासाठी.

त्यानंतर पिटूच्या आईने माझ्या डोक्यावर कधीच काही लावले नाही.

काही दिवसांनी पाचव्या खणातून चादर काढताना तिला खालून खडखड ऐकू आली. मावशींचे एक बटण मागे राहिले होते, नारिंगी रंगाचे, चार भोकांचे. तिने पाचवा खण अर्धा ओढून ठेवला, खालून हात घातला आणि बटण शोधताना नकळत सहाव्याची कड आतून दाबली. खण आला. मावशींनंतर प्रथमच. ती बराच वेळ त्या रिकाम्या खणाकडे बघत बसली. मग तिने लेबलांची गुंडाळी आणली.

तेव्हापासून तिची लेबले माझ्या सहाव्या खणात, आतल्या बाजूला, एकाखाली एक लागू लागली. अक्षर तेच, खणांवरचे, सुबक. तारीख, वेळ, आणि खाली कोरी रेघ. 'आज तिने माझे बोट धरले. मला काही वाटले नाही.' 'मी चांगली आई नाही हे सगळ्यांना कधी कळेल?' 'सकाळपासून मी सहा वेळा चादरी काढल्या. थांबता येत नाही.' एकावर नुसतेच होते: 'कुणीतरी हा खण उघडा.' अशी अकरा लेबले झाली.

तुम्ही विचाराल, वाचायला हवीत तर ती अशा ठिकाणी का लावली? मलाही हा प्रश्न पडला होता. मला वाटते, उघड्यावर लावून तिने पाहिले होते, तिथे तिची लाज काढली गेली. म्हणून आता जो खरोखर शोधील त्यालाच सापडावे असे तिने ठेवले. आणि नियमावर तिचा विश्वास होताच. लेबल लावले आहे, म्हणजे कुणी ना कुणी वाचणारच.

वाचण्याच्या अगदी जवळ दोन माणसे येऊन गेली.

पहिली होती लस टोचायला घरोघर फिरणारी परिचारिका. तिच्याजवळ एक छापील कागद होता. बाळाचे वजन, बाळाची झोप, आणि खाली एक प्रश्न आईबद्दल. तिने पिटूला टोचले, मग वाचायला सुरुवात केली, "आईला कसं..." आणि मान वर करून खोलीभर पाहिले. पिवळा पडदा, पांढरे कपाट, सरळ रेषेत लेबले. "हे काय विचारायचं!" ती हसली. "दिसतंयच की. मी चाळीस घरं फिरते, अशी खोली एक नाही." तिने खूण केली आणि कागद पिशवीत टाकला. पिटूची आई तोंड उघडून उभी होती. तिने ते मिटले. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या लेबलांची, माझ्या पांढऱ्या रंगाची आणि माझ्या नीटनेटकेपणाची पहिल्यांदा शरम वाटली. मीच पुरावा म्हणून उभा होतो, आणि खोटी साक्ष देत होतो.

दुसरा होता नवरा. पिटूचा एक मोजा पडला म्हणून तो खाली वाकला आणि सहज त्याचा हात सहाव्या खणाकडे गेला. त्याने ओढला. उघडण्यासाठी मी सर्व ताकद लावली, पण लाकडाला ताकद कसली असते? उलट त्या दिवशी हवा दमट होती. त्याने दोनदा जोरात ओढले. ती त्याच्या मागेच उभी होती. तिने पुढे व्हावे आणि म्हणावे, 'असा नाही, असा ओढा', असे मला फार वाटले.

"जाम आहे अगदी," तो उठत म्हणाला. "सुटीत रंधा मारतो याला."

"हं," ती म्हणाली.

अडकलेली दारे उघडणे हाच त्याचा धंदा होता. पण सुटीत कुठल्याशा इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि रंधा राहून गेला.

पिटू चार महिन्यांची झाली त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी तिने पिटूला दूध पाजले, लंगोट बदलला, थोपटून झोपवले. पाचही खण एकदा उघडून बंद केले. मग एक लेबल लिहिले आणि पिटूच्या पांघरुणावर लावले: 'दूध १२.४०. लंगोट १२.५५. ताप नाही. दोनपर्यंत झोपेल. पाहिले.' आणि रेघ. दाराशी थबकून तिने मागे पाहिले, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्या वेळी ती बाळाकडेच पाहत होती, भिंतीकडे नाही. मग दार नुसते लोटून ती गेली. तेव्हा दोनला दहा कमी होते.

नेमकी त्या दिवशी ताईला उशीर झाला. ती पावणेतीनला आली. पिटू रडून रडून निळी पडली होती. पांघरूण लाथाडल्याने ते लेबल खाली पडले होते. ताईच्या पायाखाली आले आणि केरात गेले. ते कुणीही वाचले नाही.

शोधाशोध झाली. ती संध्याकाळी लॅबमध्ये सापडली, स्वतःच्या जुन्या टेबलाशी. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. समोर रिकाम्या नळ्या मांडल्या होत्या आणि ती त्यांच्यावर कोरी लेबले लावत होती, एकेक करून, सरळ रेषेत. तिथल्या लोकांना वाटले, कामाची आठवण आली असेल म्हणून भेटायला आली. त्यांनी तिला चहासुद्धा दिला होता.

मग घरात काय काय बोलले गेले ते सगळे मी सांगत नाही. "आई असून लेकराला टाकून गेली," हे मात्र भिंतींनाही पाठ झाले. लेबल लावून, वेळ साधून, एका हातातून दुसऱ्या हातात सोपवायला निघालेली ती बाई कुणाला दिसली नाही. नवरा माझ्यासमोर जमिनीवर बसला होता. तो सारखे एकच म्हणत होता, "पण सगळं तर नीट होतं हो. ही खोली बघा ना. ही खोली तरी बघा."

तिचा भाऊ येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेला. थोडे दिवस, असे ठरले. डॉक्टर झाले, औषधे झाली. डॉक्टरांनी विचारले म्हणे, हे आधी कुणाच्याच लक्षात कसे आले नाही? थोड्या दिवसांचे महिने झाले. एकदा नवरा पिटूला घेऊन भेटायला गेला आणि आल्यावर ताईला म्हणाला, "ती पिटूला हात लावायला घाबरते, ताई. आणि मला आता भीती वाटते." ताई आपले सामान घेऊन राहायलाच आली. महिन्यांची वर्षे झाली. कागदांवर सह्या झाल्या. पिटूला जे पहिले नाव बोलता आले ते 'आई', आणि ते तिने ताईकडे बघून उच्चारले. ताई त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. आनंदाने की अपराधाने, हे मला कळले नाही. तिलाही कळले नसावे.

पिटू साडेचार वर्षांची असताना तिची आई एकदा आली. भावाबरोबर, तासाभरासाठी. बरीच सावरली होती; केसांत पांढरे धागे, अंगावर साधे कपडे, बोलणे हळू. पिटू माझ्यापुढे रंगीत खडू पसरून बसली होती. ती दारात थांबली.

"या कोण?" पिटूने विचारले.

ताई गडबडली. तिचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "या... मावशी आहेत हं," ती म्हणाली.

पिटूची आई ते दुरुस्त करील असे मला वाटले. तिने केले नाही. ती पिटूपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "हे तुझं कपाट?"

"हो. हा चित्रांचा खण, हा फ्रॉकांचा. हा बाहुल्यांचा. खालचा खोटा आहे."

"खोटा?"

"उघडतच नाही. बाबा म्हणतात, तो नुसता शोभेचा आहे."

"असं म्हणतात का," ती म्हणाली.

ताईने पिटूला खायला बोलावले. पिटू उठून पळाली. खोलीत आम्ही दोघेच उरलो. तिने पाचवा खण अर्धा ओढला, खालून हात घातला आणि कड दाबली. दमट हवा असूनही मी या वेळी अडलो नाही, इतके तरी माझ्याकडून झाले.

अकराही लेबले जिथल्या तिथे होती. कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर स्वच्छ. आणि अकराही रेघा कोऱ्या.

तिने त्या एकेक करून पाहिल्या. मला वाटते तिला आजवर आशा होती. कदाचित कुणीतरी वाचले असेल, उशिरा का होईना, आणि लाजेने बोलले नसेल. चार वर्षे तिने एवढेच धरून ठेवले असेल. आता तेही गेले. ती रडली नाही. तिने पिशवीतून पेन काढले आणि पहिल्या लेबलाच्या रेघेवर स्वतःच सही केली. त्या दिवसाची तारीख घातली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. लॅबमध्ये कुणी पाहिल्याखेरीज काही पुढे सरकत नाही ना? म्हणून तिनेच पाहिले. अकरा सह्या झाल्यावर तिने ती लेबले नखाने एकेक सोडवली आणि पिशवीत ठेवली. नारिंगी बटण तेवढे खणातच राहू दिले.

"अजून आवराआवर सुटली नाही वाटतं तुझी?" दारातून आवाज आला. नवरा उभा होता. म्हणजे आता तिचा नवरा नसलेला. तो अवघडून, पण मायेने हसत होता. खण त्याच्या दृष्टीआड होता.

तिने खण आत लोटला. "हो," तीही हसली. "थोडं राहिलं होतं."

"झालं का?"

"झालं."

जाताना पिटूने तिला टाटा केला, जसा कुठल्याही पाहुण्याला करतात. त्यानंतर ती आली नाही.

पुढे पिटूला सरकत्या दारांचे नवे कपाट आले आणि मी जिन्यात आलो. पिटू आता शाळेत जाते. तीही येता-जाता गुडघा आपटते आणि "हे टाका ना बाबा" म्हणते. तो म्हणतो, सुटीत बघू. बहुधा लवकरच माझी फळी-फळी सुटी होईल. कुणी तो खण फोडलाच, तर आत एक बटण आणि डिंकाचे अकरा डाग दिसतील. त्यांवरून कुणाला काय कळणार!

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू म्हणतो, आमची काळजी घ्या, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल जाळा, माझ्या लाकडाला आता तेवढाच उपयोग आहे. माझे मागणे निराळे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी घरी बाळ पाहायला जाल. बाळाला जरूर पाहा. खोली सुंदर असेल तर सुंदर म्हणा. पण मग तिथून लगेच उठू नका. बाळाच्या आईशेजारी बसा आणि तिला विचारा, तू कशी आहेस. ती म्हणेल, बरी आहे. तरीही बसून राहा, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारा.

माझ्यासमोर ते कुणीच दुसऱ्यांदा विचारले नाही.